ओव्हन नीट तापत नाही? कोकणातल्या घरासाठी तपासणीचा क्रम

तवसळी (काकडी-रव्याचा केक) वरून छान तांबूस दिसते आणि सुरी घातली की आत गिच्च. भानोल्याचा (तिखटमिठाच्या केकचा) तळ पांढराफटक राहतो. नानकटाई पसरते, फुलत नाही. मग घरात निदान ठरलेलं असतं: "कॉइल गेली वाटतं." कॉइल, म्हणजे तापणारा रॉड, जातेही, नाही असं नाही. पण किनाऱ्यालगतच्या घरात कॉइलच्या आधी संशय घ्यावा अशा तीन गोष्टी आहेत: कमी व्होल्टेज, गंजलेले जोड आणि पावसाळ्यात मुरलेली ओल. पहिल्या दोन तर बहुतेक वेळा ओव्हनचा एक स्क्रूही न काढता पकडता येतात. म्हणून खालचा क्रम बाहेरून आत जातो. आधी बोर्ड, मग बटणं, मग आतली उष्णता आणि अगदी शेवटी पाठचा पत्रा.

हे सगळं ओटीजीबद्दल आहे, म्हणजे वर-खाली रॉड असलेल्या, काचेचं दार खाली उघडणाऱ्या टेबलावरच्या ओव्हनबद्दल. तुमच्याकडे मायक्रोवेव्ह किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त बोर्ड, प्लग आणि व्होल्टेज तपासा. त्याचा पत्रा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. ते काम मेकॅनिकचंच.

नेमकं काय होतंय?

"तापत नाही" या तक्रारीत चार-पाच वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. ओव्हन रिकामा ठेवा. सिलेक्टर (कोणते रॉड चालू ते ठरवणारं बटण) वर-खाली दोन्ही रॉडवर, तापमान सगळ्यात जास्त, टायमर पंधरा मिनिटं. खोलीतला दिवा घालवा आणि काचेतून पाहा. पांढऱ्या काचेच्या नळीसारखे क्वार्ट्‌झचे रॉड असतील तर ते मिनिटभरात केशरी दिसायला लागतात. स्टीलच्या नळीचे रॉड काळपट लाल होतात, काही मॉडेलमध्ये तर जेमतेम. तिथे नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. सिलेक्टर आळीपाळीने फक्त वर आणि फक्त खाली ठेवून दोन-तीन मिनिटांनी दार उघडा आणि वीतभर अंतरावरून हाताला धग लागते का बघा.

आता कान द्या. ठरवलेलं तापमान गाठलं की थर्मोस्टॅट "टक" आवाज करून रॉड बंद करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा टक करून चालू करतो. अर्ध्या तासात एकदाही टक आलं नाही आणि पदार्थही कच्चा, तर ओव्हन त्या तापमानापर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे वीज कमी पडतेय किंवा अर्धे रॉड मेले आहेत. टक लवकर आलं, रॉड विझले आणि पदार्थ कच्चा राहिला, तर दोष थर्मोस्टॅटकडे. ही एक खूण लक्षात ठेवली की निम्मी शोधाशोध वाचते.

पॅनलवरचा लाल दिवा लागतो म्हणजे रॉडपर्यंत वीज पोचते, असं मात्र समजू नका. बऱ्याच ओव्हनमध्ये दोन्ही रॉड तुटले तरी तो दिवा खुशाल लागतो.

बोर्ड, प्लग आणि कळंक

१५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर ओढतो, २००० वॅटचा पावणेनऊच्या आसपास. मिक्सर-मोबाईलचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यामुळे ओव्हनला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. मोठ्या पिना छोट्या सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर आणि टीव्हीच्या मागची बारीक वायरीची एक्स्टेन्शन बोर्ड ही जोडी ओव्हनच्या वाटेत असेल तर बाकीची तपासणी करायच्या आधी ती काढून टाका. बारीक वायर स्वतः तापते, आणि तेवढी वीज ओव्हनपर्यंत पोचत नाही.

प्लग काढून पिना उजेडात धरा. खारं वारं पितळेला सोडत नाही. मिठाचा अदृश्य थर हवेतली ओल धरून ठेवतो, म्हणून पाऊस नसतानाही धातू दमटच राहतो आणि पिनेवर हिरवट-काळा कळंक चढतो. कळंक वीज नीट जाऊ देत नाही. तिथेच ठिणग्या उडतात, पिन काळवंडते, प्लगचं प्लास्टिक पिवळं पडतं. खूण सोपी आहे: ओव्हन दहा मिनिटं चालवा, स्विच बंद करा आणि प्लगच्या प्लास्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बिघाड तिथेच आहे.

पिनांवरचा कळंक झिरो नंबर पॉलिश पेपरने घासून काढता येतो, अर्थात प्लग हातात असताना. सॉकेटच्या आत मात्र काहीही खुपसून घासत बसू नका. आतल्या पितळी पट्ट्या एकदा तापून ढिल्या झाल्या की त्यांची पकड परत येत नाही. मेन बंद करून अख्खा सॉकेट बदलायचा, आणि मागची वायर काळी पडली असेल तर काळा भाग कापून ताज्या तांब्यावर स्क्रू आवळायचा. हे काम वायरमनला पंधरा मिनिटांचं आहे.

व्होल्टेज: इथे जरा थांबा

रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे व्होल्टेज थोडं पडलं की उष्णता बरीच पडते. २३० वर १५०० वॅट देणारा ओव्हन २१० वर साधारण १२५० देतो, २०० वर ११३०, आणि १८० व्होल्टला ९२० च्या आसपास. पंखा १८० वर हळू का होईना फिरतो, दिवेही लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ओव्हन मात्र २०० अंशांची वाट बघत बसतो.

ट्रान्स्फॉर्मरपासून लांब, लाइनच्या टोकाला असलेल्या वाडीत हे रोजचंच. मे महिन्यात बागांचे पंप चालू असतात आणि गणपतीत चाकरमानी आले की दर घरात पंप, मिक्सर, इस्त्री, गीझर एकदम सुरू होतात. मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं छोटं यंत्र) असेल तर एसी व्होल्ट मोजून पाहा: एकदा ओव्हन बंद असताना, एकदा चालू असताना. एकाच बोर्डावर बाजूला दुसरा सॉकेट असेल तर त्यात मीटरच्या पिना घालून हे मोजता येतं. मीटर हाताळायची सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. ओव्हन बंद असतानाच २०० असेल तर प्रश्न बाहेरच्या लाइनचा आहे. बंद असताना २२८ आणि चालू केल्यावर २०५, तर कुठेतरी जोड ढिला किंवा वायर बारीक आहे. तेव्हा मीटरपेटीजवळही असंच मोजायला सांगा. तिथे व्होल्टेज पडत नसेल तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये, तिथेही पडत असेल तर खांबाकडून येणाऱ्या वायरीत.

लाइनच्या व्होल्टेजची तक्रार महावितरणच्या १९१२ क्रमांकावर नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि शेजारच्या दोन-चार घरांनाही नोंदवायला सांगा. एकट्याची तक्रार रेंगाळते. तोवर भाजणं दुपारी उरका, संध्याकाळी सात ते दहा टाळा. फ्रिजचा स्टॅबिलायझर ओव्हनला लावायचा मोह होतो, पण तो एवढा भार पेलत नाही. १५०० वॅटच्या ओव्हनला निदान दोन केव्हीएचा तरी लागतो. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ओव्हन लावायचा विचारही नको.

वादळानंतरची गोष्ट वेगळी. जून २०२० मधल्या निसर्ग वादळाने खांब आडवे केले तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशी तुटलेली लाइन जोडली जाते तेव्हा न्यूट्रल नीट जोडला नसेल तर घरात २३० ऐवजी ३०० च्या पुढेही व्होल्टेज येऊ शकतं. म्हणून लाईट आली की आधी एक साधा, तारेचा जुना बल्ब लावा, एलईडी नको. तो नेहमीपेक्षा भगभगीत वाटला तर मेन बंद करून वायरमनला बोलवा.

मीटरचा दिवा मोजा

मल्टिमीटर नसला तरी घरात एक अचूक यंत्र आधीच असतं: विजेचं मीटर. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, १६००, ३२०० किंवा असाच दुसरा आकडा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिज आणि पंपसुद्धा. ओव्हन गार असताना दोन्ही रॉडवर, पूर्ण तापमानावर चालू करा आणि मिनिटभर लुकलुक मोजा.

१६०० चं मीटर आणि १५०० वॅटचा ओव्हन असेल तर मिनिटाला ४० लुकलुक यायला हव्यात. ३० च्या आसपास आल्या तर व्होल्टेज २०० च्या घरात आहे. २० आल्या तर अर्धे रॉड बंद आहेत. एकही नाही तर वीज रॉडपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या मीटरसाठी हिशेब असा: मिनिटाच्या लुकलुकींना साठ हजाराने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा, येईल ते वॅट. ओव्हनच्या पाठीवर चिकटवलेल्या पट्टीवरच्या वॅटशी ताडून पाहा. मला हीच चाचणी सगळ्यात आवडते. खर्च शून्य, आणि वायरमनशी बोलताना हातात आकडा असतो.

बटणांची लबाडी

टायमर शून्यावर असेल तर बहुतेक ओव्हन सुरूच होत नाहीत. हे वाचून हसू येईल, पण सुट्टीत पोरांनी बटणं फिरवली की "ओव्हन मेला" अशी हाक हमखास येते. स्प्रिंगच्या टायमरला पाच मिनिटं लावायची असतील तर आधी दहा-पंधराच्या पुढे नेऊन मागे आणायचं, नाहीतर आतला संपर्क नीट जुळत नाही. सिलेक्टरवरची चिन्हंही एकदा पुस्तिकेशी ताडून घ्या. फक्त खालच्या रॉडवर केक भाजून "वरून रंग येत नाही" म्हणणारे पुष्कळ.

दुसरी लबाडी नॉबची. नॉबच्या पोटात एका बाजूने सपाट असं भोक असतं आणि त्यात स्प्रिंगची पातळ पट्टी. प्लास्टिक चिरलं किंवा पट्टी गंजून पडली की नॉब २०० वर जातो, पण आतली दांडी १२० वरच उभी. प्लग काढा, नॉब सरळ ओढून बाहेर घ्या, पोटात बघा. मग दांडी पक्कडीने हलकेच फिरवा. दांडी टकटक करत नीट फिरत असेल तर नवा नॉब बसवला की काम झालं.

आतलं तापमान खरं किती?

ओव्हनमध्ये ठेवायचा साधा काट्याचा थर्मामीटर मिळतो. जाळीच्या मध्यावर ठेवा, १८० लावा, वीस मिनिटं दार उघडू नका. नंतर पुढची वीस मिनिटं काचेतून बघून सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा टिपा. टेबलावरच्या ओव्हनमध्ये काटा दहा-पंधरा अंश वर-खाली होणं स्वाभाविक आहे. बघायची ती सरासरी. ती दरवेळी १६० येत असेल तर थर्मोस्टॅट वीस अंशांनी खोटा आहे, पण खोटेपणात सातत्य आहे. नॉबशेजारी मार्करने नवी खूण करा आणि आनंदाने वापरा. आज १५०, उद्या १९५ असं होत असेल तर मात्र बदलाच.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे. साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. वाटीत चमचाभर कोरडी साखर घ्या. ओव्हन नीट तापवून १७५ वर पंधरा मिनिटं ठेवली तर ती दाणेदार राहायला हवी. १९० वर तेवढाच वेळ ठेवली तर वितळायला हवी. १९० लावूनही दाणे तसेच असतील तर ओव्हन थंड चालतोय.

आकडे बरोबर येतात आणि तरी पदार्थ कच्चा? मग दोष मांडणीत शोधा. तळाच्या ट्रेवर फॉइल अंथरलं असेल तर काढा. अख्खी जाळी झाकणारं पातेलं ठेवलं की खालची गरम हवा वर येत नाही. चारी बाजूंनी दोन बोटं जागा हवी. आणि तवसळीला वेळच लागतो. तवस्याचं पाणी, गूळ, रवा असं ओलं मिश्रण आटल्याशिवाय त्याचा मधला भाग शंभर अंशांच्या वर जात नाही. पूर्वी खाली आणि झाकणावर निखारे ठेवून ती सावकाश भाजत, तेच इथे करायचं: १७० वर वर-खाली दोन्ही रॉड, तासभर तरी, आणि दर पाच मिनिटांनी दार उघडायचं नाही. वरून लवकर रंग चढला तर फॉइलची टोपी घाला.

पत्रा उघडण्याआधी एक मोजमाप

प्लग सॉकेटातून काढून हातात घ्या. मल्टिमीटर ओहमवर. ओव्हनचा आतला बल्ब बंद, टायमर चालू, तापमान पूर्ण. आता प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये मोजा. १५०० वॅटच्या ओव्हनला दोन्ही रॉडवर साधारण ३५ ओहम यायला हवेत. वर-खाली वाटणी समसमान असेल तर फक्त वर ७०, फक्त खाली ७०. एखाद्या स्थितीत मीटर काहीच दाखवत नसेल तर त्या बाजूचा मार्ग तुटला आहे. बाकीच्या वॅटसाठी ५२,९०० ला वॅटने भागा.

शेवटी जाड अर्थ पिन आणि प्रत्येक बारीक पीन यांच्यात मोजा. तिथे काहीही आकडा यायला नको. आला तर वीज अंगाला लागतेय, ओव्हन चालवू नका.

आत

इथून पुढे ज्याला पेचकस-पक्कडीची सवय आहे त्यानेच जावं. प्लग काढलेला, ओव्हन पूर्ण गार. पाठचे स्क्रू गंजून बसलेले असतात. त्यांवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब टाकून पाव तास थांबा, जोर केला तर खाच घासली जाते. पत्रा निघाला की वायरींचा फोटो काढून ठेवा.

कोकणातल्या ओव्हनमध्ये पहिली नजर रॉडच्या टोकांकडे. तिथे वायरीला दाबून बसवलेलं थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी, असतं. बाहेरून ते शाबूत दिसतं, पण वायर हलकेच ओढली की थिंबलसकट हातात येते आणि आतून हिरवी भुकटी सांडते. अशा वेळी रॉड चांगला असतो, फक्त त्याच्यापर्यंत वीज पोचत नसते. रॉडचं टोक पॉलिश पेपरने चकचकीत करा, काळी पडलेली वायर मागे कापा, नवं थिंबल क्रिम्पिंग पक्कडीने दाबा. सोल्डर नको, ओव्हनच्या उष्णतेने ते मऊ पडून जोड सुटू शकतो. काळी टेप गुंडाळलेला पिळाही नको. वायर उष्णता सोसणारी, फायबरग्लासच्या आवरणाची घ्या, साधी घरगुती पीव्हीसी वायर वितळते. पालीची अंडी, मुंग्यांची माती, झुरळं हेही इथेच सापडेल. कोरड्या ब्रशने झाडून घ्या.

जोड ठीक असतील तर प्रत्येक रॉडचं एक टोक सोडवून ओहम मोजा. टोक न सोडवता मोजलं तर दुसऱ्या वाटेने आकडा येतो आणि फसगत होते. एक गोष्ट ध्यानात घ्या: बऱ्याच ओव्हनमध्ये वरचे दोन क्वार्ट्‌झ रॉड एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक तुटला की दोन्ही विझतात. मेकॅनिकने "दोन्ही गेले" म्हटलं तर दोन्ही वेगवेगळे मोजून दाखवायला सांगा. नवा क्वार्ट्‌झ रॉड उघड्या बोटांनी धरू नका. बोटांचा तेलकटपणा तापल्यावर काच खराब करतो.

थर्मोस्टॅटला बारीक तांब्याची नळी असेल तर तिचं टोक आत क्लिपमध्ये बसलेलं आहे ना ते बघा. निसटून रॉडजवळ लोंबत असेल तर तो वेळेआधीच टक करतो. काही मॉडेलमध्ये थर्मल फ्यूजही (फार तापलं की वीज तोडणारा) असतो. तो उडाला तर त्याच तापमानाचा आणि त्याच अँपिअरचा दुसरा लावा. मधे तार जोडून ओव्हन "चालू करून देणारा" कारागीर पुन्हा बोलवू नका.

पावसाळ्यानंतर स्विच उडतो तेव्हा

गावचं घर मेपासून गणपतीपर्यंत बंद, आणि ओव्हन लावताच आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच) उडतो. स्टीलच्या रॉडमध्ये तार आणि नळी यांच्यामध्ये पांढरी मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. रॉडच्या टोकाचं सील जुनं झालं की ही पूड हवेतली ओल शोषते आणि थोडी वीज नळीकडे गळते. आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअरला उडतो, आणि उडतो ते बरंच करतो.

ओव्हन दार उघडून दिवसभर कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल तर कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस. मग फक्त खालच्या, मग फक्त वरच्या रॉडवर, १०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं चालवून पाहा. ज्या रॉडवर उडतो तो दोषी. वाळवूनही उडत राहिला तर वायरमनकडून मेगरने (बारीक गळती पकडणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, कारण साध्या मल्टिमीटरला ही गळती बरेचदा दिसत नाही.

आणि इथे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "काकी, अर्थिंगची वायर काढून टाकतो, मग नाय उडणार." उडणार नाही हे बरेचदा खरंच. पण मग गळणारी वीज ओव्हनच्या पत्र्यावर थांबते आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. स्पष्ट नाही म्हणा. उलट अर्थिंगच तपासून घ्या. जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये खडखडीत सुकते आणि तिच्यातून वीज सहज जात नाही, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला हवं.

राहतं घर असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओव्हन दहा मिनिटं रिकामाच १०० वर चालवा. वर प्लास्टिक घालू नका, आतली ओल आतच राहते. सुती कापड पुरे. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि खिडकीतून थेट समुद्राचं वारं लागतं ती जागा टाळा.

रॉड बदलायचाच ठरला तर जुना रॉड सोबत घेऊन दुकानात जा. लांबी, दोन्ही टोकांची बनावट, वॅट आणि व्होल्ट चारही जुळले पाहिजेत. एकापुढे एक जोडलेल्या रॉडवर बहुधा ११५ व्होल्टच्या आसपासचा आकडा असतो. त्याच्या जागी २३० चा लावला तर तो मंद पेटेल आणि तुम्ही पुन्हा थर्मोस्टॅट शोधत बसाल. रॉड ठीक, जोड ठीक, पण आतली चौकट गंजून पत्र्याला भोकं पडली असतील किंवा दाराच्या बिजागऱ्या सुटून फट राहत असेल, तर त्या ओव्हनवर आणखी पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. नवा घेताना दुकानातच पाठचा पत्रा आणि स्क्रू बघून घ्या. स्टीलचे स्क्रू आणि जाड पावडर कोटिंग असलेला ओव्हन किनाऱ्यावर जास्त वर्षं काढतो.